निर्दोष सुटलो, मग बंधपत्र कशाला?

मध्यंतरी पनवेलजवळच्या नेरे गावचे एक शेतकरी माझ्याकडे आले. बांधाच्या भांडणात समोरच्याने कोयता उगारला आणि यांनी हातातल्या काठीने तो अडवला. त्याचे मनगट मोडले आणि खटला मात्र यांच्यावर झाला. कोर्टाने स्वसंरक्षण मान्य करून त्यांना निर्दोष सोडले. पेढे वाटून होतात न होतात तोच नोटीस आली: शांतता राखण्याचे बंधपत्र तुमच्याकडून का घेऊ नये, याचा खुलासा करा. ‘वकीलसाहेब, मी सुटलो की नाही?’ त्यांनी विचारले.

सुटलात, पण या दोन वाटा वेगळ्या आहेत. स्वसंरक्षणासाठी केलेली कृती गुन्हाच ठरत नाही. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ कलमांत आहे. हक्काला मर्यादाही आहेत. बचावापुरतेच बळ वापरायचे. पोलिसांकडे जायला सवड असेल तर हा हक्क मिळत नाही आणि समोरचा पळू लागल्यावर पाठलाग करून मारणे म्हणजे बचाव नव्हे.

आता बंधपत्र. ठरावीक गुन्ह्यांत शिक्षा सुनावताना कोर्ट तीन वर्षांपर्यंतचे बंधपत्र घेऊ शकते. त्यासाठी आधी दोष सिद्ध व्हावा लागतो. निर्दोष सुटलेल्याला हे कलम लागत नाही. इंग्लंडमध्ये मात्र २००९ पासून निर्दोष सुटलेल्यावरही कोर्ट मनाई हुकूम काढू शकते.

आपल्याकडची नोटीस येते ती कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडून. हीच आपली ‘चॅप्टर केस’. पूर्वीचे कलम १०७, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेतले १२६. ही झाल्या गोष्टीची शिक्षा नसून पुढे शांतता भंगू नये म्हणूनची तजवीज असते, आणि मुदत फार तर एक वर्ष. म्हणूनच जुना खटला एवढेच कारण पुरत नाही. आजही भांडण पेटण्याची शक्यता आहे, हे दिसावे लागते.

याच तरतुदींना मधू लिमये यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले होते. १९७० मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तरतुदी वैध ठरवल्या, पण बजावलेही: माहितीच्या खरेपणाची चौकशी सुरू केल्याशिवाय अंतरिम बंधपत्र मागता येणार नाही.

तेव्हा नोटीस आली की घाबरून सही करू नका आणि ती खिशात घालून विसरूही नका. नोटिशीत माहितीचा सारांश असतो, तो वाचा. तारखेला हजर राहा, लेखी खुलासा द्या, निकालाची नक्कल जोडा. साक्षीदार तपासायची मागणी करा. चौकशी साधारणपणे सहा महिन्यांत संपायला हवी. बंधपत्राचा हुकूम झालाच तर सत्र न्यायालयात अपील आहे. हुकूम होऊनही बंधपत्र दिले नाही तर मात्र तुरुंगात जावे लागू शकते.

त्या शेतकऱ्यांना मी आणखी एक सांगितले. बांध आधी मोजून घ्या. मोजणीचा नकाशा हातात असला तर काठी उचलायची वेळ बहुधा येत नाही.