इंग्रजी येणे आणि शिकवता येणे

उत्तम इंग्रजी बोलणारा माणूस ते उत्तम शिकवेलच असे नाही. केंब्रिजच्या ‘सेल्टा’ या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या नावाजलेल्या अभ्यासक्रमात किमान 120 तास असतात; पैकी 6 तास निरीक्षकासमोर खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावे लागते, आणि खरा कस तिथेच लागतो. महाराष्ट्रात 2000 पासून पहिलीलाच इंग्रजी आले, तेव्हा ते शिकवण्याची जबाबदारी मराठी माध्यमात शिकलेल्या शिक्षकांवरही पडली. त्यांचे इंग्रजी कच्चे, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. पण मराठीत ‘द’सारखे उपपद नसल्याने मूल ते कुठे गाळते, हे स्वतः त्या वाटेने गेलेल्यालाच चटकन कळते. ‘सेल्टा’सारख्या अभ्यासक्रमाची फी अनेकांना परवडत नाही, हेही खरे. मात्र आपला तास मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून त्यात मुले किती बोलली, हे मोजायला पैसे लागत नाहीत.