प्रतिनिधीचा जमाखर्च

[नभोवाणीवरून केलेलें भाषण]



अर्थसंकल्पाचें अधिवेशन संपलें कीं थोड्याच दिवसांत आपल्यापैकीं पुष्कळांच्या दारांत गुळगुळीत कागदाची एक पुस्तिका येऊन पडते. वर आपल्या मतदारसंघाच्या आमदारांचें छायाचित्र असतें, आंत भूमिपूजनांचीं व उद्घाटनांचीं चित्रें असतात, आणि त्यांच्या खालीं कोटींचे आकडे मांडलेले असतात. शेवटच्या पानावर वर्षभरांत संमत झालेल्या कायद्यांची यादीहि कधीं कधीं असते. सुशिक्षित घरांत या पुस्तिकेचें काय होतें, हें मी माझ्या घरावरून सांगूं शकतों. ती दोन दिवस टेबलावर राहते, तिच्यावर चहाचा पेला ठेवला जातो, आणि तिसऱ्या दिवशीं ती रद्दींत जाते. ‘सगळे सारखेच’ एवढें एक वाक्य उच्चारलें कीं नागरिक या नात्यानें आपलें कर्तव्य संपलें, असें आपण समजतों.

ही पुस्तिका रद्दींत टाकण्यापूर्वीं एकदां नीट वाचावी, असें मला आज सुचवावयाचें आहे. आणि ती कशी वाचावी याविषयीं चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. वाण्याचें बिल आपण ओळन् ओळ तपासतों. मग ज्या बिलाचे पैसे आपण कररूपानें आधींच भरून बसलों आहों, तेंच तेवढें न तपासण्याचें कारण काय?

प्रतिनिधीनें हिशेब द्यावा ही कल्पना आपल्याकडे परकी नाहीं. १८७० सालीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हां तिच्या ९५ सभासदांच्या पाठीशीं सुमारें सहा हजार लोकांचीं मुखत्यारपत्रें होतीं. आपलें सरकार आपण निवडण्याचा हक्क लोकांना मिळण्याच्या कितीतरी आधींची ही गोष्ट आहे. दुसऱ्याच्या वतीनें बोलावयाचें तर त्याची संमति हवी, हें त्या मंडळींनीं ओळखलें होतें. आणि मुखत्यार म्हटला कीं त्याच्याकडे हिशेब मागणें ओघानेंच आलें. तिकडे इंग्लंडांत १७७४ सालीं एडमंड बर्कनें ब्रिस्टलच्या मतदारांस बजावलें कीं, प्रतिनिधि हा केवळ निरोप्या नव्हे, त्यानें स्वतःच्या विवेकबुद्धीनेंच मत दिलें पाहिजे. पुढें १७८० सालीं त्या मतदारांची मर्जी आपल्यावर राहिली नाहीं असें पाहून बर्कला तेथील निवडणुकींतून माघार घ्यावी लागली. या गोष्टीच्या दोन्ही बाजू ध्यानांत ठेवण्यासारख्या आहेत. बुद्धि चालविण्याचें स्वातंत्र्य प्रतिनिधीला आहे, आणि ती कशी चालविली हें विचारण्याचें स्वातंत्र्य मतदाराला आहे.

आतां पुस्तिकेच्या पहिल्या भागाकडे, म्हणजे पैशाकडे वळूं. तींत सर्वांत ठळक अक्षरांत बहुधा ‘आमदार स्थानिक विकास निधि’ हे शब्द असतात. महाराष्ट्रांत हा निधि दर आमदारामागें वर्षाला चार कोटी रुपये होता. २०२२ सालीं तो पांच कोटी करण्यांत आला. पुष्कळांची अशी समजूत असते कीं, ही रक्कम आमदारांच्या हातीं पडते आणि ते ती वांटतात. तसें नाहीं. आमदार काम सुचवितात. तें नियमांत बसतें कीं नाहीं हें पाहून जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरींतून त्याला प्रशासकीय मान्यता मिळते. अंदाजपत्रक तपासून अभियंता तांत्रिक मान्यता देतो. मग निविदा निघते, ठेकेदाराला कार्यारंभ आदेश मिळतो, काम होतें, त्याचीं मापें घेतलीं जातात, आणि सरतेशेवटीं देयक चुकतें होतें.

या पायऱ्या ध्यानांत आल्या म्हणजे पुस्तिकेंतील विशेषणांचा अर्थ उलगडतो. ‘प्रस्तावित’ म्हणजे केवळ सुचविलेलें. ‘मंजूर’ म्हणजे कागदावर मान्य झालेलें. त्यासाठीं एक रुपयाहि खर्च झालेला नसूं शकतो. ‘प्रगतिपथावर’ म्हणजे खणलेलें. तें केव्हां बुजेल याविषयीं तो शब्द कांहीं सांगत नाहीं. फक्त ‘पूर्ण’ या शब्दापुढील रक्कम ही डोळ्यांनीं जाऊन पाहतां येते. म्हणून पहिली गोष्ट ही कीं, हातांत पेन्सिल घेऊन या चार प्रकारच्या कामांची बेरीज वेगवेगळी करावी. दुसरी गोष्ट, प्रत्येक कामाचा पैसा कोठून आला तें विचारावें. एकाच रस्त्याचें छायाचित्र नगरसेवकाच्या, आमदारांच्या व खासदारांच्या अशा तिन्ही पुस्तिकांत झळकलेलें आपण पाहतों. रस्ता एकच आहे, आणि पैसाहि कोणत्या तरी एका लेखाशीर्षाखालींच पडलेला असणार. तें शीर्ष कळलें कीं श्रेयाचा वांटा आपोआप ठरतो.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. विधानसभेचे २८८ आणि विधानपरिषदेचे ७८ मिळून आपल्या विधिमंडळाचे ३६६ सभासद होतात. प्रत्येकीं पांच कोटी धरले तर वर्षाचा एकूण निधि १,८३० कोटी रुपये होतो. आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पांत राज्याचा एकूण खर्च सुमारें सात लाख कोटी रुपये धरलेला होता. म्हणजे शंभर रुपयांमधील अवघे सव्वीस पैसे! ज्या फलकांनीं आपलीं नाक्यानाक्यावरचीं भिंताडें व्यापलेलीं आहेत, ते सारे फलक या सव्वीस पैशांचे आहेत.

उरलेले नव्याण्णव रुपये चौऱ्याहत्तर पैसे कोठें जातात? शाळांतील शिक्षकांचे पगार, निवृत्तांचें वेतन, कर्जावरील व्याज, रुग्णालयें, पाटबंधारे, पोलीस, मोठे रस्ते, निरनिराळीं साहाय्यें, असे त्याचे हजारों ओघ आहेत. व्याजासारखा कांहीं खर्च सोडला तर बाकीचा खात्यांच्या अनुदानाच्या मागण्यांच्या रूपानें विधानसभेपुढें मतास येतो. तेथें आमदार बोलूं शकतात, कपात सूचना मांडूं शकतात, एकादें पद रिकामें कां राहिलें असें मंत्र्यांस विचारूं शकतात. वर्षाच्या मध्यें येणाऱ्या पुरवणी मागण्या, तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, लोकलेखा समितीचें काम, हीं सारीं त्यांचीच साधनें आहेत. यांपैकीं कशाचेंहि छायाचित्र चांगलें येत नाहीं, म्हणून पुस्तिकेंत त्यांना जागा मिळत नाहीं.

गोपाळ कृष्ण गोखले यांनीं मार्च १९०२ मध्यें वरिष्ठ कायदेकौन्सिलांत अर्थसंकल्पावर पहिलें भाषण केलें, तेव्हां त्या अर्थसंकल्पावर मत देण्याचाहि अधिकार त्यांना नव्हता. देशावर दुष्काळ ओढवलेला असतां सरकारच्या तिजोरींत सालोसाल शिल्लक पडते, याचा अर्थ रयतेवर गरजेपेक्षां अधिक कर बसविलेला आहे, हें त्यांनीं सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिलें आणि मिठावरील कर उतरविण्याची मागणी केली. १९०३ सालीं तो कर कमी झाला. गोखल्यांनीं कोणत्याहि गल्लींत फरशी बसविली नाहीं. त्यांनीं हिशेब वाचला.

येथें मला माझ्या स्वतःच्या दोषाची कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गल्लींतल्या पंचवीसतीस रहिवाशांनीं मिळून आमदारांकडे एक अर्ज दिला. त्यावर माझीहि सही होती. गल्लीच्या तोंडाशीं पेव्हर ब्लॉक बसवून मिळावेत, एवढीच मागणी होती. ते बसले, फलक लागला, आम्हीं टाळ्या वाजविल्या. त्याच वर्षीं आमच्याकडे धुणींभांडीं करणाऱ्या बाईंना खोकला जडला. दहा मिनिटांच्या अंतरावर सार्वजनिक दवाखाना होता, तेथें क्ष-किरणाचें यंत्रहि होतें. पण तें चालविणाऱ्या माणसाची जागा भरलेली नव्हती. बाई दोनदां जाऊन परत आल्या, तिसऱ्यांदा गेल्याच नाहींत. क्षयाचें निदान चार महिने उशिरां झालें. त्या बऱ्या झाल्या, परंतु तोंपर्यंत त्यांच्या धाकट्या मुलीलाहि तोच रोग लागला होता. त्या रिकाम्या जागेविषयीं आमच्या गल्लींतून एकहि अर्ज गेलेला नव्हता. आम्हीं फरशी मागितली आणि आम्हांला फरशी मिळाली. यांत आमदारांना दोष कसा द्यावा?

आतां पुस्तिकेचें शेवटचें पान, म्हणजे कायदे. ‘अमुक कायदा केला’ असें वाचल्यावर तो आजपासून लागू झाला अशी आपली समजूत होते. परंतु विधेयक दोन्ही सभागृहांत संमत झाल्यावर राज्यपालांची, आणि कांहीं विधेयकांच्या बाबतींत राष्ट्रपतींची, संमति लागते. सामाजिक बहिष्कारास प्रतिबंध करणारें विधेयक आपल्या विधिमंडळानें २०१६ सालीं संमत केलें. राष्ट्रपतींची संमति मिळून तो कायदा अमलांत आला तो २०१७ सालीं. उलट, सभागृह चालू नसतां अध्यादेशानें कायदा आधीं लागू होतो व विधेयक मागून येतें. ऑगस्ट २०१३ मध्यें डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाल्यानंतर जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, आणि विधिमंडळानें कायदा संमत केला तो त्या वर्षाच्या डिसेंबरांत. म्हणून संमत केव्हां झाला, राजपत्रांत प्रसिद्ध केव्हां झाला आणि अमलांत केव्हां आला, या तीन तारखा निरनिराळ्या विचाराव्या.

दुसरें असें कीं, कायद्यानें आपल्या हातीं नेमकें काय दिलें तें पाहावें. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा घ्या. अधिसूचित केलेला दाखला किंवा परवाना ठरलेल्या मुदतींत मिळण्याचा हक्क त्यानें नागरिकाला दिला. मुदत टळली तर त्याच खात्यांत क्रमानें दोन अपिलें करतां येतात, तिसरें आयोगाकडे. आणि सबळ कारणावांचून दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० पासून ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. हा कायदा ठाऊक नसल्यामुळें दाखल्यासाठीं पांच खेपा घालणारीं सुशिक्षित माणसें मीं पाहिलीं आहेत. याउलट कांहीं कायदे जुन्या कायद्यांतील चार शब्द बदलतात, पण परिणाम मोठा करतात. दहांपेक्षां कमी नोकर असलेल्या दुकानांनाहि मराठी पाटीची सक्ती २०२२ सालीं झाली ती अशाच एका दुरुस्तीनें.

कायदा आणि पैसा यांची सांगड कशी असावी याचें उत्तम उदाहरण आपल्याच राज्यांत घडलें. १९७२ च्या दुष्काळाच्या काळांत वि. स. पागे यांच्या कल्पनेंतून रोजगार हमी योजना उभी राहिली. ते त्या वेळीं विधानपरिषदेचे सभापति होते. काम मागेल त्याला काम देण्याची ती हमी १९७७ च्या कायद्यानें हक्क झाली आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. पण त्याच्या आधीं, १९७५ सालीं, तिच्या खर्चासाठीं व्यवसायकर बसविण्यांत आला होता. शहरांतील पगारदाराच्या वेतनांतून वर्षाला जास्तींत जास्त २,५०० रुपयांपर्यंत जो कर कापला जातो तो हाच. मुंबईपुण्याच्या कारकुनाच्या पगारांतून गांवच्या मजुराच्या बांधबंदिस्तीला पैसा मिळाला. २००५ सालीं मध्यवर्ती सरकारनें देशभर असाच कायदा केला. नुसती हमी लिहून पैशाची तरतूद केली नसती, तर ती हमी कागदावरच राहिली असती.

तेव्हां पुढची पुस्तिका दारांत येईल, त्या दिवशीं घरांतील मंडळींनीं मिळून ती वाचावी, आणि आमदारांना एक पत्र लिहावें. अभिनंदनाचें नको, रागाचेंहि नको; प्रश्नांचें लिहावें. मंजूर कामांपैकीं पूर्ण किती झालीं? त्या इमारती चालविणारीं माणसें कोठें आहेत? आपण सभागृहांत किती दिवस उपस्थित होतां, कोणत्या मागणीवर बोललां, आणि कोणत्या कायद्यास कां पाठिंबा दिला? असें एक पत्र आलें तर तें बाजूस पडेल. पन्नास आलीं तर पुढील वर्षाची पुस्तिका निराळी छापावी लागेल. आम्हीं गल्लींतल्या मंडळींनीं यंदां असें पत्र धाडलें आहे, आणि त्यांतील पहिला प्रश्न दवाखान्यांतील त्या जागेविषयींचा आहे.