दिवे लागल्यानंतरचा गोवा

१ एप्रिल २०१५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली आणि वर्धा नदीच्या अलीकडे असलेल्या आमच्या वणीचे भाग्य उजळले, असे तेव्हा थट्टेने म्हटले जाई. संध्याकाळ झाली की पाटाळ्याच्या पुलावरून एमएच ३४ क्रमांकाच्या गाड्या एमएच २९ च्या हद्दीत येत आणि रात्री उशिरा डगमगत परत जात. २०२१ मध्ये बंदी उठली, तोवर हा क्रम चालला. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात मद्यबंदी होती, तेव्हा सॅन दिएगोकडचे लोक सीमा ओलांडून मेक्सिकोतील तिहुआना या गावी जात. त्या गावाची रात्र त्या तेरा वर्षांत घडली आणि आजही तिची ख्याती-कुख्याती जगभर आहे. वेस ओलांडली की माणूस थोडा सैल होतो. त्याला ओळखणारे कोणी नसते, हे त्याला जसे ठाऊक असते, तसे त्याची वाट पाहणाऱ्या दलालालाही ठाऊक असते.

आपल्या व्यापारी कुटुंबांसाठी ही वेस म्हणजे गोवा. खरिपाचा हंगाम आटोपला, बियाणे आणि औषधांचे टार्गेट पूर्ण झाले की कंपन्या कृषी सेवा केंद्रवाल्यांना सहलीला नेतात. कधी थायलंड, पण बहुधा गोवाच. (या सहलीचा खर्च शेवटी पाकिटाच्या आणि बाटलीच्या किमतीतच बसलेला असतो, म्हणजे तो शेतकऱ्याच्या खिशातून येतो, हा निराळा विषय, संपादकांनी जागा दिल्यास पुन्हा कधीतरी.) जाणाऱ्यांत आपली मुले पुष्कळ असतात. सूर्यास्तानंतर अन्न न घेण्याचा नियम ज्या घरांत आहे, तेथील तरुण अशा ठिकाणी उतरतो जेथे लोकांचा दिवसच रात्री दहाला उगवतो. ‘जाऊ नकोस’ म्हणणे सोपे आहे. पण व्यापारात चाळीस विक्रेते एका गाडीत बसत असताना एकट्याने घरी राहणे दरवेळी शक्य नसते, आणि पंचविशीतल्या मुलाने काकांचे ऐकून घरी राहावे, हे तर त्याहून अशक्य.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी स्वतः अशा सहलीला गेलो. धाकट्या भावाला ऐनवेळी जमेना, म्हणून त्याच्या जागी मी, आणि दुकान सांभाळणारा त्याचा मुलगा, असे आम्ही दोघे. मुक्काम कळंगुटला. पहिल्या संध्याकाळी मी पुतण्याला एवढेच म्हणालो की, रात्री कितीही वाजले तरी फोन कर. तेथे का गेलास, हे मी विचारणार नाही. त्याला ते बोलणे जुन्या वळणाचे वाटले असावे. तो हसून निघून गेला.

दुसऱ्या रात्री पावणेबाराला फोन वाजला. “काका, तुम्ही रागावणार नाही ना?”

घडले ते असे. बागाच्या गल्लीत तो आणि दोन मित्र हिंडत असताना स्कूटरवर एक मनुष्य आला. प्रवेश फुकट, बिल दोन हजारांच्या आत, परतीची गाडी आमची, असे त्याने सांगितले. मुख्य रस्ता सोडून आतल्या एका गाळ्यात त्यांना नेले. पाटी नव्हती. तेथे नाच चालला होता. आमच्या मुलाने सोडा घेतला, मित्रांनी जे घ्यायचे ते घेतले. अर्ध्या तासाने बिल आले अठरा हजारांचे, आणि त्याबरोबर दाराशी तीन माणसे. कार्ड ओढले गेले. मग आणखी अठ्ठावीस हजार. मग पस्तीस हजारांची तिसरी मागणी, आणि ‘तुमचे फोटो आमच्याकडे आहेत’ ही धमकी. फोन त्याने न्हाणीघरातून केला होता. कार्ड होते दुकानाच्या चालू खात्याचे. त्या खात्यात कंपनीला द्यायचे सहा लाखांहून अधिक पडून होते.

छत्तीस वर्षे बँकेत काढल्यामुळे माझ्या डोक्यात आधी खाते आले, हे कबूल करतो. मी त्याला सांगितले, पैशावरून वाद घालू नकोस. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आत्ताच कार्ड बंद कर. पुढे ते चालले नाही तर मशीनला दोष दे. खिशातील रोख असेल ती टेबलावर ठेव आणि तिघे मिळून बाहेर या, कोणी मागे राहू नका. ठिकाण मला पाठव. त्याने व्हॉट्सॲपवर ठिकाण पाठवले. मी ११२ ला फोन लावला आणि हॉटेलच्या चालकाला घेऊन निघालो. पोहोचलो तेव्हा तिघेही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. पाठोपाठ पोलिसांची गाडी आली. अंगाला ओरखडाही नव्हता. पण पुतण्या ज्या नजरेने माझ्याकडे पाहत होता, ती मी त्याच्या लहानपणीच पाहिली होती, सातवीत नापास झाला तेव्हा.

सकाळी तक्रारीचा प्रश्न आला. दोघे मित्र हात जोडून म्हणू लागले, आमची नावे नको, घरी कळेल, लग्नाचे बोलणे चालू आहे. हीच त्या धंद्याची खरी गुंतवणूक आहे. तीन दांडग्या माणसांपेक्षा घरच्या अब्रूचा धाक मोठा असतो, आणि गल्लीत उभा असलेला दलाल गिऱ्हाईक निवडताना तोच हेरतो. बूट नवे, बोलणे सभ्य, हातात सोन्याचे कडे, घोळक्यात कोणीतरी ‘शेठ’: हा मुलगा पैसे देईल आणि तोंड उघडणार नाही. धमकावून पैसे काढणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ नुसार खंडणीचा गुन्हा आहे; परंतु सांगणाराच नसेल तर कलम पुस्तकातच राहते. कळंगुटच्या गावकऱ्यांनीही अशा बेकायदा डान्सबारविरुद्ध अलीकडच्या वर्षांत आवाज उठवला आहे, कारण बदनामी त्यांच्या गावाची होते. शेवटी तक्रार एकट्या पुतण्याच्या नावाने झाली. गाळा दुसऱ्या दिवशी बंद होता.

त्या शेहेचाळीस हजारांचे पुढे काय झाले, असे अनेकांनी विचारले. ते बुडाले. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार बाहेरच्या कोणी खात्यावर डल्ला मारला आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर ग्राहकावर भार पडत नाही. मात्र पिन आपण स्वतः दाबला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान आपलेच, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून कार्ड बंद करण्याचे ते एक मिनिट महत्त्वाचे होते. तिसरी मागणी त्यामुळेच फसली. फोनवरून किंवा ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक आहे. तेथेही पहिला तास मोलाचा.

खरे तर ही वेळ येऊच नये, अशी सोय ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येकाच्या हाती आहे. कार्डाचा वापर कोठे चालू ठेवायचा आणि किती रकमेपर्यंत, हे ग्राहकाला ॲपमधून ठरवता येते. आपल्यातील किती व्यापारी ती मर्यादा लावतात? माझ्या शाखेत शंभरात पाचही नसतील. दुकानाच्या खात्याचे कार्ड प्रवासात नेऊच नये. वेगळे बचत खाते, त्यात दहा-पंधरा हजार, आणि यूपीआय त्याच खात्याला जोडलेले, एवढे पुरते. आपल्या श्रावकाचारात दिग्व्रत आणि देशावकाशिक व्रत सांगितले आहे: कोणत्या दिशेला किती दूर जायचे, आज कोठवर आणि किती वेळ, हे घराबाहेर पडण्याआधी ठरवायचे. पाठशाळेत ते मी पाठ केले होते. कार्डाच्या मर्यादेच्या रूपाने ते पुन्हा भेटेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

आता मिसळण्याविषयी. पुतण्याने परतीच्या गाडीत विचारले, “आपण तिथे वेगळे दिसलो, म्हणूनच त्याने गाठले ना?” त्यात तथ्य आहे. मिसळणे म्हणजे फुलाफुलांचा सदरा आणि काळा चष्मा नव्हे. तो घातलेला घोळका तर मैलावरून ओळखू येतो. तेथील दुकानदार, रिक्षावाला, चर्चमधून परतणारी बाई यांच्याकडे पाहावे. साधा शर्ट, साधी चप्पल, गळ्यात काही नाही, चालण्यात घाई नाही आणि रेंगाळणेही नाही. कोठे जायचे ते ठाऊक असलेला मनुष्य दलालाच्या कामाचा नसतो. गोव्यात मराठी सर्वत्र समजते. त्यावर ‘देव बरें करूं’ एवढी कोकणी जोडली की समोरच्याचा चेहरा बदलतो. बागा-कळंगुट हे केवळ बाजारपेठ नसून लोकांचे गाव आहे, गल्लीमागे घरे आहेत, त्यांत म्हातारी माणसे झोपलेली असतात. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, ते याच माणसांसाठी. किनाऱ्यावर कोणाचे, विशेषतः परदेशी स्त्रियांचे, फोटो काढत फिरणे तर अत्यंत लाजिरवाणे. जानेवारी २०२३ मध्ये गोव्याच्या पर्यटन खात्याला लोकांना न विचारता फोटो काढू नका, असे जाहीर सांगावे लागले. ते आपल्यासारख्या गावांतून गेलेल्या घोळक्यांमुळेच, असे मला वाटते, आणि वाटून वाईटही वाटते.

जेवणाचे म्हणाल तर डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. कंपनीचे जेवण नऊला. मी आयोजकाला पहिल्याच दिवशी दुपारी सांगितले आणि साडेपाचला वरण-भात, फुलके, कांदा-लसणाशिवायची भाजी मिळाली. आमच्या टेबलावर दुसऱ्या दिवशी सात जण होते. मोकळेपणाने सांगितले की बहुतेक स्वयंपाकी ऐकतात. रात्रीच्या मेजवानीत पाणी घेणाऱ्याने सीलबंद बाटली समोर उघडून घ्यावी आणि ती हातातून सोडू नये. चौविहार असेल तर रिकाम्या हाताने उभे राहावे. सुरुवातीला अवघडल्यासारखे होते, नंतर कोणाचे लक्षही जात नाही. मात्र तेथे उपदेश करू नये. पिणाऱ्याला प्रवचन देणारा जैन आणि चिडवणारा मद्यपी, दोघेही त्या टेबलावर सारखेच नकोसे असतात.

तिसऱ्या रात्री मंडळी मांडवीतल्या कॅसिनोच्या जहाजावर गेली. १९७६ च्या गोव्याच्या जुगारविरोधी कायद्यात १९९६ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाण्यावरच्या जुगाराला वाट मिळाली. फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोंयकारांनाच तेथे प्रवेशबंदी आहे. ज्या पदार्थाला घरचे लोक तोंड लावत नाहीत तो पाहुण्यांना वाढावा, तसा हा प्रकार. आपल्या सप्तव्यसनांत पहिले नाव द्यूताचे आहे. मी पणजीच्या काठावर बाकावर बसून राहिलो. वारा छान होता. जहाजावरचे दिवे पाण्यात सुरेख दिसत होते, हे मान्य केले पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर ४० टक्के झाला आहे. हिशेब आवडणाऱ्यांनी तेवढे तरी ध्यानात घ्यावे. आमच्यातील एकजण पहाटे उतरला आणि नागपूरपर्यंत कोणाशी बोलला नाही.

एक गोष्ट मी तेव्हा सांगितली नव्हती, आता प्रत्येकाला सांगतो. ६ डिसेंबर २०२५ च्या मध्यरात्री हडफडे येथील एका नाइटक्लबला आग लागून २५ माणसे गेली, त्यांतील बहुतेक तेथे राबणारे कामगार. मुंबईत कमला मिलच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला १४ जण गेले. बंद जागेत बसण्यापूर्वी दुसरे दार पाहून ठेवावे. एकच दार असेल तर बसूच नये. अंधारात समुद्रात उतरू नये, जीवरक्षक तेव्हा नसतात. दुचाकी भाड्याने घेताना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे आहेत ना, ते पाहावे. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा घोळ होतो. चालवणारा प्यायलेला असेल तर तिच्यावर बसू नये, पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा कैद आहे.

परतीच्या दिवशी विमान रात्रीचे होते. पुतण्या आणि मी गाडी करून डिचोली तालुक्यातील कुडण्याला गेलो. तेथे ‘गुजिर’ म्हणून ओळखले जाणारे प्राचीन जैन मंदिराचे अवशेष आहेत; फोंड्याजवळ बांदिवड्यालाही नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत. आपली माणसे गोव्यात पर्यटक म्हणून जाऊ लागली त्याच्या कितीतरी शतके आधी तेथे आपले श्रावक नांदत होते. गवत वाढलेले, आजूबाजूला कोणी नाही. पुतण्याने चपला काढल्या, बराच वेळ उभा राहिला आणि मग म्हणाला, “काका, बाबांना मीच सांगेन. तुम्ही सांगू नका.”

त्याने यवतमाळला पोहोचल्यावर त्याच रात्री सांगितले. भाऊ काही वेळ गप्प बसला. मग दुकानाचे कार्ड कपाटात ठेवून त्याने मुलाला जेवायला वाढायला लावले. रात्रीचे नऊ वाजले होते आणि वहिनींनी त्या दिवशी वेळेचा विषय काढला नाही.

गेल्या डिसेंबरात तो पुन्हा गेला. निघताना मला फोन केला होता, बांदिवड्याचा रस्ता विचारायला.