वायफाय कार्डाची खरी ओळख

लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, सगळं सुरू झालं, फक्त वायफाय दिसत नाही. मदत मागताना पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘अमुक कंपनीचा तमुक मॉडेलचा लॅपटॉप आहे, ड्रायव्हर सांगा.’ चूक इथूनच सुरू होते. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपांत कधी इंटेलचं, कधी रिअलटेकचं, कधी मीडियाटेकचं कार्ड बसवलेलं असतं. ड्रायव्हर जुळतो तो चिपशी, लॅपटॉपच्या नावाशी नाही.

यूएसबी वायफाय डोंगलच्या खोक्यावरचं नाव तरी खरं मानावं का? टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती. लिनक्स कर्नलमधला एथ९के_एचटीसी हा ड्रायव्हर ती चालवतो, आणि तिच्या फर्मवेअरचा सोर्सही खुला आहे. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची आरटीएल८१८८ईयूएस आली. ड्रायव्हर पूर्ण वेगळा. जुना डोंगल घेताना मागच्या लेबलवरचं ‘व्ही १’, ‘व्ही २’ वाचूनच घ्या.

चिप बनवणारी कंपनी कळली म्हणजे झालं, हा त्यापुढचा गैरसमज, आणि सर्वांत जास्त वेळ यातच जातो. ब्रॉडकॉमचंच बघा. बीसीएम४३१२ ला बी४३ हा खुला ड्रायव्हर लागतो, मात्र त्याचं फर्मवेअर वेगळं मिळवावं लागतं. बीसीएम४३१३ ला ब्रॉडकॉमने स्वतः खुला केलेला बीआरसीएमएसमॅक चालतो. बीसीएम४३१४२ साठी मात्र डब्ल्यूएल हा बंदिस्त ड्रायव्हरच घ्यावा लागतो. नंबर जवळचे, पण एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला लागू पडत नाही. ‘ब्रॉडकॉम आहे ना, मग बी४३ टाका’ हा सल्ला म्हणूनच निरुपयोगी आहे.

मग विचारायचं कोणाला? कार्डालाच. टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय ही कमांड एनएनके या पर्यायासह चालवा. यूएसबी डोंगल असेल तर एलएसयूएसबी. एलएसपीसीआयच्या यादीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ची ओळ शोधा. ओळीच्या सुरुवातीला दिसतो तो स्लॉटचा पत्ता. नंतर चौकोनी कंसात ०२८० दिसतं, ते उपकरणाच्या वर्गाचं चिन्ह. अनेकजण हेच आयडी समजून उतरवून घेतात. खरा आयडी ओळीच्या शेवटाकडे असतो: चार अक्षरं, विसर्गासारखे दोन टिंब, पुन्हा चार अक्षरं. पहिला भाग कंपनीचा, जसा इंटेलचा ८०८६. दुसरा त्या चिपचा. हे दोन्ही भाग जसेच्या तसे उतरवून घ्या.

वायफाय दिसत नाही म्हणजे ड्रायव्हरच नाही, असंही नसतं. त्या ओळीखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं लिहून पुढे नाव असेल, तर ड्रायव्हर जोडला गेला आहे. आता डीमेसेज या कमांडने कर्नलच्या नोंदी पाहा. फर्मवेअरची फाइल सापडली नसेल, तर तसं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. वायफाय बंद करून ठेवलेलं नाही ना, हे आरएफकिल या कमांडने पाहा. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल तर कमांडने सुटतं, ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर आधी लॅपटॉपवरचं बटण किंवा फंक्शन की शोधा. आणि बाहेरून आणलेला ड्रायव्हर लोडच होत नसेल, तर सिक्युअर बूटने सही नसलेलं मॉड्यूल अडवलेलं असू शकतं.

काही स्वस्त डोंगल लावल्यावर सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. तो डोंगल बिघडलेला नसतो. आत विंडोजचा ड्रायव्हर ठेवलेला असतो, म्हणून तो आधी सीडीच्या रूपात येतो. यूएसबी मोडस्विच हे साधन त्याला वायफायच्या रूपात आणतं, आणि तेव्हा त्याचा आयडीही बदलतो. ड्रायव्हर शोधायचा तो या दुसऱ्या आयडीवरून.

तेव्हा पुढच्या वेळी मदत मागताना लॅपटॉपच्या मॉडेलसोबत तीन गोष्टी नक्की द्या: आयडीची पूर्ण ओळ, कर्नलची आवृत्ती आणि फर्मवेअरबद्दलच्या नोंदी. आणि त्या हातात येईपर्यंत कुठलाही ड्रायव्हर उतरवू नका.