गावाची वस्ती आणि गावाची वाट : माल नेण्याआधीचा हिशोब

आठवडी बाजार करणारे आपले कापडवाले, चादरवाले, भांडीवाले बंधू नवे गाव धरताना एकच प्रश्न विचारतात, "गाव केवढे?" प्रश्न रास्त आहे, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा असा की, त्या गावाला वाट कशी आहे आणि त्या वाटेने कोण येते-जाते?

आधी वस्ती पाहू. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सुमारे 6 कोटी 15 लाख लोक होते आणि वस्तीची गावे सुमारे 41 हजार. म्हणजे गावामागे सरासरी दीड हजार माणसे. घरटी पाच माणसे धरली तर तीनशे घरे. आपले गिऱ्हाईक म्हणजे घर, म्हणून माणसांपेक्षा घरे मोजा.

हे आकडे जिल्हा जनगणना पुस्तिकेत गाववार मिळतात. घरे, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुले, शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील लोक, सगळे वेगवेगळे दिलेले असते. व्यापाऱ्याने शेतकरी व शेतमजूर हे दोन रकाने जरूर पाहावेत. मजुराच्या हाती पैसा मजुरीच्या दिवशी येतो, शेतकऱ्याच्या हाती पीक विकल्यावर. उधारीची मुदत त्यावरूनच ठरवावी, नाहीतर मुद्दल अडकते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जनगणनेतले गाव हे महसुली गाव असते. कोकणात किंवा डोंगरी भागात दीड हजारांचे गाव पाच-सहा वाड्यांत विखुरलेले असू शकते. एका वाडीत उभे राहिलात तर दुसऱ्या वाडीचे गिऱ्हाईक चढण चढून येईलच असे नाही.

आता वाट. त्याच पुस्तिकेत बस, पक्की सडक, पोस्ट, बँक, बाजार गावात आहे की नाही ते लिहिलेले असते. नसेल तर अंतराची खूण असते : ए म्हणजे 5 किलोमीटरच्या आत, बी म्हणजे 5 ते 10, सी म्हणजे 10 च्या पुढे.

सडक मिळण्याचा संबंधही वस्तीशीच आहे. 25 डिसेंबर 2000 रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशात 500 आणि डोंगरी, आदिवासी भागात 250 लोकवस्तीची अट ठेवली गेली. सप्टेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या चौथ्या टप्प्यासाठी 2011 चीच लोकसंख्या धरली आहे. वस्ती लहान, म्हणून सडक उशिरा. सडक नाही, म्हणून माल महाग.

पण सडक झाली की आपला धंदा वाढलाच, असे समजू नका. सडक माल आत आणते, तशी गिऱ्हाईक बाहेरही नेते. 17 मार्च 2023 पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट झाले. घरचे कापड बहुधा बायाच निवडतात. तालुक्याला जाणे स्वस्त झाले की त्या चार दुकाने बघून घेतात. अशा गावी भारी साड्यांचा गठ्ठा नेण्यात अर्थ नाही. परकर, अस्तर, टॉवेल, शाळेचा गणवेश अशा, ज्यासाठी कोणी मुद्दाम तालुक्याला जात नाही, त्या मालाला तिथे उठाव राहतो. शिलाई आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही तिथे काम असते.

शेवटी साधे गणित. फेरीचा खर्च 1,200 रुपये आणि विक्रीत शंभरामागे 15 रुपये सुटत असतील, तर पहिल्या 8,000 रुपयांच्या विक्रीत नुसता खर्च निघतो. तीनशे घरांपैकी तीस घरांनी खरेदी केली, तर घरटी सुमारे 270 रुपयांचा माल जायला हवा. पुढचा नफा त्यानंतर.

2021 ची जनगणना झाली नाही, पुढची 2027 ची आहे. तिचे गाववार आकडे येईपर्यंत 2011 चा आकडा जुना समजूनच वापरा. ग्रामपंचायतीत आणि शाळेत घरे व मुले विचारून घ्या, एस.टी. दिवसातून किती वेळा येते ते थांब्यावर पाहा, आणि मगच गठ्ठा बांधा.