बंदरावर चाचे: ‘मंकी आयलंड’ पुन्हा खेळताना

जुने गेम आज पुन्हा खेळून बघायच्या या मालिकेत आज आपण समुद्रावर जाणार आहोत. मानेसरमध्ये बसून समुद्राच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे गंमतच, कारण इथून सगळ्यात जवळचा समुद्रही शेकडो किलोमीटर लांब. पण आजच्या गेमच्या नायकालाही समुद्रातलं फारसं काही कळत नाही, तेव्हा आपलं जमून जाईल.

गेमचं नाव ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’. १९९० साली तो लुकासफिल्म गेम्सनं काढला. हो, ‘स्टार वॉर्स’वाल्या जॉर्ज लुकासचीच कंपनी. रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन हे त्याचे मुख्य लेखक. पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला, १९९७ मध्ये तिसरा, २००० मध्ये चौथा, २००९ मध्ये एक मालिका आणि २०२२ मध्ये गिल्बर्ट आणि ग्रॉसमन यांनी पुन्हा एकत्र येऊन केलेला ‘रिटर्न टू मंकी आयलंड’. तीस वर्षांहून जास्त काळ लोक या चाच्यांवर हसतायत. का हसतायत, आणि हसताना मराठी माणूस नेमका कुठे अडतो, हे आज बघू.

मरायचं नाही, मग काय करायचं?

कथा अगदी साधी. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक काटकुळा पोरगा कॅरिबियन समुद्रातल्या बेटावर येऊन जाहीर करतो, की मला चाचा व्हायचंय. दारूच्या गुत्त्यात बसलेले तीन वजनदार चाचे त्याला तीन परीक्षा देतात: तलवारबाजी, चोरी आणि पुरलेला खजिना शोधणं. मध्येच लेचक नावाचा भुताटकी चाचा बेटाच्या गव्हर्नरबाईंना, म्हणजे इलेन मार्लीला पळवून नेतो आणि गायब्रश जहाज घेऊन मागे निघतो.

त्या काळात असे गेम खेळणं म्हणजे पावलोपावली मरण होतं. चुकीच्या दगडावर पाय पडला की मेलात, आता जुन्या सेव्हपासून पुन्हा सुरू करा. गिल्बर्टनं १९८९ मध्ये एक लेख लिहून अशा गेमच्या खोडी एकेक करून मांडल्या होत्या. त्याचं उत्तर म्हणजे ‘मंकी आयलंड’. इथे खेळाडू जवळजवळ मरतच नाही. एका ठिकाणी गायब्रश कड्यावरून पडतो, पडद्यावर ‘तुम्ही मेलात’ छापाची चौकट येते, आणि आपण कपाळाला हात लावणार तेवढ्यात तो चेंडूसारखा उसळून परत वर येतो. दुसऱ्या गेम कंपन्यांना काढलेला हा चिमटा.

मरणाची भीती गेली की माणूस वाट्टेल ते करून बघतो. सगळा विनोद तिथून सुरू होतो. गायब्रशला जड मूर्तीला बांधून समुद्रात बुडवतात. आजूबाजूला धारदार सुऱ्या दिसतात, पण हात पोचत नाही. त्याला दहा मिनिटं श्वास रोखता येतो, हे त्यानं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं. उपाय काय? मूर्तीच उचलायची, खिशात टाकायची आणि चालत वर यायचं. उपाय अगदी समोर असतो, म्हणून तो सापडला की स्वतःवरच हसू येतं.

तलवारीपेक्षा तोंड चालवा

या गेममधली सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे तलवारबाजी. इथे हात चालवायचे नाहीत, जीभ चालवायची. समोरचा टोमणा मारतो, तुम्ही त्याला चपखल उत्तर दिलंत तर तो मागे सरकतो. उत्तर माहीत नसेल तर तुम्ही हरता, पण टोमणा लक्षात राहतो. मग तोच टोमणा दुसऱ्याला मारायचा. त्याला उत्तर येत असेल तर तुम्ही पुन्हा हरता, पण उत्तर शिकता. म्हणजे हरल्याशिवाय शिकताच येत नाही.

आपल्याला हे नवीन नाही. तमाशातले सवाल-जवाब हेच आहेत. कलगी-तुऱ्यात शक्तीचा पक्ष आणि शिवाचा पक्ष रात्ररात्र एकमेकांना कोडी घालायचे, तेही हेच. तिसऱ्या भागात तर समुद्रावरच्या लढाईत उत्तर यमकात द्यावं लागतं. एखाद्या शाहिराला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

पण खरी मेख पुढे आहे. शेवटी बेटावरच्या तलवारबाजीच्या गुरूला हरवायचं असतं, आणि ती बाई सगळे वेगळेच टोमणे मारते. उत्तरं मात्र तुमच्याकडे जुनीच. ती नव्या टोमण्यांना बसवायची. इंग्रजी उदाहरण देण्यापेक्षा मी मराठीत एक रचून दाखवतो. रस्त्यावरचा चाचा म्हणतो, “माझी तलवार आजवर कुठे अडली नाही!” तुमचं उत्तर, “बाहेर काढलीच नसेल, तर अडणार कशी?” आता गुरू म्हणते, “माझी अक्कल आजवर कुठे अडली नाही!” उत्तर तेच, पण घाव दुप्पट. असं दोन्हीकडे बसणारं उत्तर लिहायचं तर शब्दाला शब्द ठेवून भाषांतर चालत नाही. टोमणाही नवा लागतो, उत्तरही नवं लागतं.

पाना आणि माकड

आता अडण्याची जागा. दुसऱ्या भागात एका धबधब्याचं पाणी बंद करायचं असतं. तिथला पंप फिरवायला हत्यार लागतं, ते कुठेच मिळत नाही. दुसऱ्या बेटावरच्या गुत्त्यात एक माकड पियानो वाजवत बसलेलं असतं. शेजारच्या, ताल मोजणाऱ्या यंत्राच्या हलत्या काट्यावर केळं अडकवायचं. माकड केळ्याकडे टक लावून बघता बघता ताठ होतं. मग ते उचलायचं आणि त्याच्याच अंगानं पंप फिरवायचा!

का? कारण अमेरिकेत अशा एका पान्याला ‘मंकी रेंच’ म्हणतात. बस, एवढंच कारण. ब्रिटनमध्ये ‘स्पॅनर’ म्हणायची पद्धत, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही तिथे अडकले. मग आपली काय कथा? आमच्या मानेसरमध्ये गाड्यांचे कारखाने आहेत, सुट्या भागांचे आहेत, दिवसभर हातात पाना असलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. पण पान्यात माकड कुणालाच दिसणार नाही. इथे तुमची बुद्धी कमी पडत नाही. विनोद ज्या भाषेत घडला, ती भाषा तुमच्या घरात नव्हती, एवढंच.

‘वापर’ की ‘लाव’?

हे गेम चालतात क्रियापदांवर. पडद्याच्या खालच्या भागात यादी असते: उघड, बंद कर, ढकल, ओढ, उचल, दे, बोल, बघ, वापर. क्रियापदावर क्लिक करायचं, मग वस्तूवर, आणि वाक्य तयार होतं. त्याआधी बऱ्याच गेममध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत. याच कंपनीनं १९८७ च्या ‘मेनियाक मॅन्शन’पासून ही यादीची पद्धत आणली.

मराठीत ही यादी करून बघा, मजा येते. इंग्रजीत ‘यूज’ हे एकच क्रियापद सगळीकडे चालतं. आपण किल्ली ‘वापरत’ नाही, लावतो. कुलूप लावतो, दिवा लावतो, झाड लावतो, फोन लावतो, कान लावतो, नाट लावतो आणि जीवही लावतो. एका ‘लाव’ बटणावर अख्खा विनोदी गेम उभा राहील! शिवाय आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. म्हणजे आधी वस्तू निवडायची, मग कृती. विनोदाचा ठोका शेवटच्या शब्दावर पडतो, ही तर सोयच झाली.

यात जरा काळजी वाटण्यासारखंही आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या मुलांशी आपण घरात जे मराठी बोलतो, ते पुष्कळदा एवढंच उरतं: ये, जा, खा, उचल, बंद कर. गेमच्या खालची यादीच जणू. टोमणा, कोटी, उलट उत्तर या गोष्टी मुलं दुसऱ्या भाषेत शिकतात. भाषेत आज्ञा उरल्या आणि चेष्टा गेली, की ती भाषा मुलांना कंटाळवाणी वाटली तर त्यांचा काय दोष?

चाचा कोण, बंदर कुठलं

‘मंकी आयलंड’ मराठीत अधिकृतपणे कधी आला नाही. पण त्यातल्या विनोदाचं बी आपल्याकडे पडून आहे. मराठीत ‘चाचे’ म्हणजे समुद्री लुटारू, हिंदीत ‘चाचा’ म्हणजे काका. मराठीत ‘बंदर’ म्हणजे जहाजं लागतात ती जागा, हा शब्द फारसीतून आला. हिंदीत ‘बंदर’ म्हणजे माकड, तो ‘वानर’पासून. जहाजांच्या जागेला ते ‘बंदरगाह’ म्हणतात. आता मानेसरच्या चहाच्या टपरीवर मोठ्यानं म्हणून बघा: “बंदरावर चाचे उतरले!” मराठी माणूस घाबरेल. हिंदी माणूस विचारेल, काका माकडावर कशाला चढले होते?

यातून कोडंही होतं. नकाशावर लिहिलंय, ‘बंदरापासून वीस पावलं पूर्वेला खजिना’. तुमचा हिंदीभाषक खलाशी माकडापासून पावलं मोजतोय, आणि माकड दर वेळी जागा बदलतंय. किनाऱ्यावर खड्डेच खड्डे. हे कोडं अमेरिकेतल्या माणसाला सुटणार नाही. पुण्यातल्याला थोडा वेळ लागेल. मानेसरमध्ये वाढलेली मराठी पोरगी मात्र एका मिनिटात सोडवेल, कारण दोन्ही भाषा तिच्या तोंडात आहेत.

आणि चाचा कुणाला म्हणायचं, हेही लिहिणाऱ्यावर असतं. मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे कोकण किनाऱ्यावर जहाजांना परवाने देत आणि परवाना नसलेली जहाजं पकडत. इंग्रजांनी त्यांना ‘पायरेट’ ठरवलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवत परतले. आज मुंबईतल्या नौदलाच्या तळाचं नाव ‘आयएनएस आंग्रे’ आहे. दुसऱ्यानं लिहिलेल्या गोष्टीत आपण चाचे असतो, आपल्या गोष्टीत सरखेल. म्हणून आपल्या गोष्टी, निदान विनोदी तरी, आपणच लिहायला हव्यात.

सुरुवात कुठून करायची?

पहिल्या भागाची २००९ ची नवी आवृत्ती घ्या. संगणकावर एफ १० दाबलं की नवं चित्र जाऊन १९९० चं चित्र येतं आणि अडलात तर सूचनाही मिळतात. जुन्या मूळ फाइल असतील तर ‘स्कमव्हीएम’ हा मोफत प्रोग्रॅम त्या आजच्या यंत्रावर चालवतो. त्यानंतर दुसरा भाग, आणि मग २०२२ चा. त्यात सूचनांचं पुस्तक गेममध्येच आहे.

शक्य असेल तर मुलांना शेजारी बसवा आणि पडद्यावरचं इंग्रजी वाक्य मराठीत मोठ्यानं बोला. टोमण्याला तुमचं स्वतःचं उत्तर द्या, मग त्यांना त्यांचं देऊ द्या. त्यांचं उत्तर तुमच्यापेक्षा झोंबलं, तर समजा पहिली परीक्षा पास झाली. उरल्या दोन, चोरी आणि खजिना. त्यांतली चोरी फक्त गेममध्येच करा!

पुढच्या भागात भेटू.