युरोपातील शिक्षणासाठी अनुदान : आपल्यासाठी कोणते दार उघडे आहे?

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींचे पालक शिफारसपत्रासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात अलीकडे एक गोष्ट वारंवार येते. मुलाने जर्मनीला किंवा आयर्लंडला जायचे ठरविलेले असते, एखाद्या सल्लागार संस्थेला पैसे भरलेले असतात आणि घर तारण ठेवून कर्ज काढण्याची तयारी चाललेली असते. शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला का, असे विचारले तर उत्तर मिळते, "त्या आपल्यासारख्यांना कुठे मिळतात, फादर!"

हा समज खरा नाही. युरोपात शिकण्यासाठी मिळणारा पैसा अनेक ठिकाणांहून येतो. त्यातील काही दारे नागपूरच्या कोणत्याही गुणवंत विद्यार्थ्याला उघडी आहेत, काही केवळ ठराविक समाजघटकांना, आणि काही आता बंद झालेली आहेत. कोणते दार आपले आहे हे वेळेवर न कळल्यामुळे अनेक कुटुंबे सरळ कर्जाच्या दारात जाऊन उभी राहतात. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती येथे देत आहोत.

शब्दांचा अर्थ आधी समजून घेऊ

'स्कॉलरशिप मिळाली' असे म्हटले जाते, तेव्हा त्याचे चार निरनिराळे अर्थ असू शकतात. पहिला, खरे अनुदान. शुल्क, निर्वाह आणि प्रवास यांसाठी मिळणारा हा पैसा परत करावयाचा नसतो. दुसरा, शुल्कमाफी. विद्यापीठ आपले शुल्क पूर्ण किंवा अंशतः सोडते, पण राहण्याजेवण्याचा खर्च आपलाच असतो. तिसरा, कर्जरूप शिष्यवृत्ती. १८९२ साली स्थापन झालेल्या जे. एन. टाटा एंडोमेंटची मदत या प्रकारची आहे. निवड गुणवत्तेवर होते, मान मोठा आहे, परंतु रक्कम फेडावी लागते. चौथा, बँकेच्या कर्जावरील व्याजात मिळणारी सवलत.

एखाद्या खासगी विद्यापीठाने तीस टक्के शुल्क कमी केले, तरी उरलेले सत्तर टक्के आणि दोन वर्षांचा निर्वाहखर्च आपल्या माथी राहतो. जाहिरातीत याही सवलतीला शिष्यवृत्तीच म्हटलेले असते. पत्र हाती आले की ते या चारांपैकी कोणत्या प्रकारात बसते, हे प्रथम पाहावे.

एक जुना धडा

नागपूरकरांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव सांगावयास नको. परंतु त्यांच्या परदेशी शिक्षणाचा आर्थिक इतिहास फार थोड्यांना ठाऊक असतो. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करावी, अशी तिची अट होती. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून ते १९१६ साली लंडनला गेले. तेथील अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते प्राध्यापकीतून साठविलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर.

अनुदान, बंधपत्र, मुदत, स्वतःची बचत आणि मित्राचे कर्ज या साऱ्या गोष्टी या एका कहाणीत आहेत. शिष्यवृत्ती किती महिन्यांची आहे आणि अभ्यास किती महिन्यांचा, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी जितका महत्त्वाचा होता तितकाच आजही आहे.

युरोपकडून मिळणारे अनुदान

युरोपीय संघाची इरॅस्मस योजना १९८७ साली सुरू झाली, ती युरोपातल्या युरोपात विद्यार्थ्यांची देवाणघेवाण व्हावी म्हणून. २००४ साली 'इरॅस्मस मुंडुस' या नावाने तिचे दार जगातील इतर देशांना उघडले. या योजनेतील पदव्युत्तर अभ्यासक्रम किमान तीन देशांतील विद्यापीठे मिळून चालवितात आणि विद्यार्थी त्यांपैकी किमान दोन देशांत शिकतो. निवड झालेल्या शिष्यवृत्तिधारकाला शुल्क नसते, विमा मिळतो आणि दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने, दिले जातात. युरोचा दर शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर दोन वर्षांचे हे साहाय्य तेहतीस लाखांवर जाते. प्रवास व व्हिसाचा खर्च मात्र याच रकमेतून भागवावा लागतो. ही शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी वर्षानुवर्षे आघाडीवर आहेत. येथे जात, धर्म किंवा उत्पन्न पाहिले जात नाही. गुण, शिफारसपत्रे आणि 'हा अभ्यास मला का करावयाचा आहे' हे सांगणारे निवेदन पाहिले जाते. पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थीही सामान्यतः अर्ज करू शकतो. अर्ज थेट अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळावर करावयाचा असतो, मध्यस्थाची गरज नाही.

याच योजनेचा दुसरा भाग कमी परिचित आहे. आपले महाविद्यालय किंवा विद्यापीठ आणि युरोपातील एखादे विद्यापीठ यांच्यात करार असेल, तर विद्यार्थी दोन ते बारा महिने तेथे शिकण्यासाठी किंवा प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी, म्हणजे इंटर्नशिपसाठी, जाऊ शकतो आणि आपली पदवी आपल्याच महाविद्यालयातून घेतो. देशानुसार दरमहा ८०० ते ९०० युरो व प्रवासासाठी वेगळी रक्कम मिळते. येथे विद्यार्थी एकटा अर्ज करू शकत नाही. करार असलाच पाहिजे. म्हणून आपल्या विभागप्रमुखांना किंवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षाला 'असा करार आपल्याकडे आहे काय?' असे विचारावे. विचारणारे विद्यार्थी वाढले, तरच महाविद्यालये असे करार करण्याचा विचार करतील.

यांशिवाय निरनिराळ्या देशांच्या स्वतंत्र योजना आहेत. जर्मनीची 'डाड' ही संस्था १९२५ पासून हे काम करीत आहे. तिची विकासविषयक पदव्युत्तर शिष्यवृत्ती पदवीनंतर किमान दोन वर्षे नोकरी केलेल्यांसाठी आहे. आरोग्य, पाणीपुरवठा, शेती, नगररचना अशा क्षेत्रांत काम करणाऱ्या तरुणांनी तिच्याकडे अवश्य पाहावे. फ्रान्सच्या दूतावासाची शार्पाक शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षणासाठी आहे, तसेच सत्रभराच्या देवाणघेवाणीसाठी आणि प्रयोगशाळेतील अल्पकालीन इंटर्नशिपसाठीही आहे. हंगेरी सरकारच्या शिष्यवृत्तीत भारतासाठी दोनशे जागांची तरतूद आहे. तेथे शुल्क नसते, पण मासिक भत्ता तुटपुंजा असतो. घरून पैसे पाठवावे लागतात हे गृहीत धरावे. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती संपूर्ण खर्च उचलते. तिला सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतण्याची अट असते.

आपल्या सरकारच्या योजना आणि आपला समाज

आता ज्या भागाविषयी आपल्या लोकांत सर्वांत अधिक गैरसमज आहेत, त्याकडे वळू.

महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ साली सुरू झाली. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असून वर्षाला ७५ विद्यार्थी निवडले जातात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागांपैकी बहुतेक जागाही अनुसूचित जातींसाठी आहेत. दलित पार्श्वभूमीच्या ख्रिस्ती कुटुंबांना या दोन्ही ठिकाणी अनुसूचित जातीचा लाभ मिळत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा प्रथम केवळ हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती व मुस्लिम बांधव आजही त्याबाहेर आहेत. या प्रश्नावरील लढा न्यायालयात व न्यायालयाबाहेर दीर्घकाळ चालू आहे. पण आज अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याने कायद्याची आजची स्थिती धरूनच पाऊल टाकावे. जुना जातीचा दाखला जोडून, धर्म लपवून मिळविलेली शिष्यवृत्ती पुढे रद्द होऊ शकते आणि रक्कम वसूल होऊ शकते.

याचा अर्थ सर्व दारे बंद आहेत, असा नव्हे. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो. इतर मागास बहुजन कल्याण विभागाची स्वतंत्र परदेश शिष्यवृत्ती आहे. जात वैधता प्रमाणपत्र आणि उन्नत गटात मोडत नसल्याचे, म्हणजे नॉन-क्रीमीलेअर, प्रमाणपत्र असल्यास त्या दाराशी जाता येते. केंद्राच्या योजनेत भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठीही काही मोजक्या जागा आहेत.

आदिवासी ख्रिस्ती बांधवांची स्थिती वेगळी आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. केंद्रीय आदिवासी कार्य मंत्रालयाच्या परदेश शिष्यवृत्तीच्या २० जागा आणि राज्याच्या आदिवासी विकास विभागाची योजना या दोन्हींसाठी ते अर्ज करू शकतात. बाप्तिस्मा झाला म्हणून हक्क गेला, असे कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. मात्र जमातीचा दाखला व त्याची वैधता या गोष्टींना वेळ लागतो. ते काम बारावीनंतर लगेच हाती घ्यावे.

अल्पसंख्याक म्हणून काय मिळते, हा पुढचा प्रश्न. केंद्र सरकारची 'पढो परदेश' ही व्याजसवलतीची योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. अजूनही तिचे नाव सांगून फी घेणारे लोक आढळतात; सावध राहावे. दुसरीकडे, महाराष्ट्र मंत्रिमंडळाने २०२४ साली अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्तीची योजना मंजूर केली. ख्रिस्ती विद्यार्थी तिच्या कक्षेत येतात. जागा फार थोड्या आहेत आणि जागतिक क्रमवारीत वरच्या स्थानी असलेल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असावा लागतो. दरवर्षीची जाहिरात अल्पसंख्याक विकास विभागाच्या संकेतस्थळावर पाहावी.

'फी नाही' म्हणजे 'खर्च नाही' असे नव्हे

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, हे खरे आहे. तथापि बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही शुल्क सुरू केले आहे. व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम बँकेच्या रोखून ठेवलेल्या खात्यात आधीच भरून दाखवावी लागते. २०२४ च्या सप्टेंबरपासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये, ठरली आहे. पूर्ण शिष्यवृत्ती असलेल्यांना सामान्यतः हे खाते लागत नाही. शिवाय २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस हे पडताळणी प्रमाणपत्र घ्यावे लागते. शिकताना काम करून सारा खर्च निघेल, असे सांगितले जाते. परंतु विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस एवढीच परवानगी आहे आणि पहिल्या दिवसापासून काम मिळेलच असे नाही.

कर्ज घेणे अपरिहार्य असेल, तर आधी सरकारी बँकेत जावे. साधारणपणे चार लाखांपर्यंत तारण व जामीन लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, त्यापुढे तारण द्यावे लागते. हप्ते अभ्यास संपल्यावर सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, ही लूकच्या शुभवर्तमानातील शिकवण पालकांनी येथे अगदी शब्दशः घ्यावी.

दीड वर्ष आधी सुरुवात

युरोपातील वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होते. इरॅस्मस मुंडुसचे बहुतेक अर्ज त्याच्या आदल्या ऑक्टोबर ते जानेवारीत भरले जातात, हंगेरीचा अर्ज साधारण जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभीच पारपत्र, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाकडील गुणपत्रकांची अधिकृत प्रत आणि प्राध्यापकांची दोन शिफारसपत्रे तयार हवीत. निकाल लागल्यावर, जूनमध्ये चौकशी सुरू करणाऱ्याच्या हाती त्या वर्षी बहुधा कर्जच उरते.

आणखी एक साधी गोष्ट. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, शाळेच्या दाखल्यावर आणि पारपत्रावर नाव व आडनाव एकसारखे आहे का, ते आजच पाहून घ्यावे. शाळेत एक नाव आणि धर्मग्रामात दुसरे, असे आपल्याकडे पुष्कळदा घडते. ही तफावत दुरुस्त करण्यास काही महिने लागतात आणि ती नेमकी अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात उघडकीस येते.

युवक संघटनांना आमची विनंती आहे की, ऑगस्टमध्ये एका रविवारी मिस्सानंतर पदवीच्या विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना एकत्र बसवावे. ज्यांनी असे अर्ज भरले आहेत, मग त्यांची निवड झालेली असो वा नसो, त्यांना बोलवावे. निवेदन कसे लिहिले, कोणता कागद कमी पडला, नकार कशामुळे आला, हे त्यांच्याइतके नेमके कोणतीही सल्लागार संस्था सांगणार नाही, आणि त्यासाठी कोणाला पैसेही मोजावे लागणार नाहीत.